जीप उंच केली म्हणजे काय उंच होते?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात जीपच्या पाट्यांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मीही आधी पावसाळ्यावर एक ललित लेख लिहायला घेतला होता. पण पावसाळा म्हटला की मला ढगांऐवजी आमच्या वाडीचा रस्ता आठवतो, रस्ता आठवला की जीप आठवते, आणि जीप आठवली की गतवर्षी आम्ही केलेली चूक आठवते. तेव्हा त्या चुकीविषयीच लिहावे असे ठरवले. विषय यंत्राचा असला तरी तो समजायला विज्ञान शाखेत असावे लागत नाही. मला तो समजला, तो चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या वडिलांकडून.

आमची वाडी भोर तालुक्यात डोंगराच्या अंगाला आहे. डांबरी सडक दोन किलोमीटर खाली राहते. तिथून वर येते ती ओढ्याच्या कडेने चढत गेलेली दगडगोट्यांची वाट. आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीची एक महिंद्रा जीप आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनीच घेतली. भाताची पोती, खताच्या गोण्या आणि वेळप्रसंगी घरचे आजारी माणूस खाली नेणे, हे तिचे काम.

गतवर्षी जुलै महिन्यात एका रात्री आजीला दम लागला. पाऊस धरून होता. आप्पांनी तिला जीपमध्ये बसवले, मी मागे तिला धरून बसलो. ओढ्याच्या उतारावर चाके दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्यांत उतरली आणि मधल्या उंचवट्यावरच्या एका दगडावर जीपचे पोट टेकले. चारही चाकांना जोर लावला तरी ती हलेना. शेवटी घोंगडीची झोळी करून आम्ही चौघांनी आजीला सडकेपर्यंत नेले आणि दुधाच्या टेंपोतून भोरला दवाखान्यात पोहोचवले. आजी वाचली. पण त्या दोन किलोमीटरांत तिचा श्वास ज्या आवाजाने चालला होता, तो घरात कोणी विसरले नाही.

दुसऱ्या दिवसापासून जो तो सांगू लागला, "जीप उचलून घ्या." जीप उचलणे म्हणजे तिची उंची वाढवणे. तरुण मुले याला ‘लिफ्ट’ म्हणतात. मोबाइलवर अमेरिकेतल्या उंच उंच जीपगाड्यांची चित्रे पाहून माझ्याही मनात तेच होते. आप्पांना मीच तयार केले. हे आधीच कबूल करतो.

पाटा आणि त्याचे काम

पुढची हकीकत समजण्यासाठी जीपच्या खाली काय असते ते थोडे पाहू. जीप ही गाडी मूळची अमेरिकन सैन्याची. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून विलिस कंपनीने ती मोठ्या संख्येने बनवली. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतर इंजिने बदलली, अंगावरचा पत्रा बदलला, पण त्या घराण्यातल्या गाड्यांची खालची रचना बराच काळ तीच राहिली. दोन आडवे आख, प्रत्येक आखाच्या टोकांना चाके, आणि आख व चेसिस यांच्यामध्ये लोखंडी पाटे.

ज्यांनी टांगा पाहिला असेल त्यांना पाटा माहीत आहे. एकाखाली एक अशा कमी कमी लांबीच्या पोलादी पट्ट्यांची ती कमान असते. मधोमध एक खिळबोल्ट सर्व पट्ट्या ओवून धरतो. आमच्या जीपला पुढे सात-सात आणि मागे नऊ-नऊ पट्ट्यांचे पाटे आहेत. कमानीचे एक टोक चेसिसच्या कानात पक्के असते. दुसरे टोक मात्र शॅकल नावाच्या छोट्या दुव्यावर टांगलेले असते. झोपाळ्याची कडी जशी पुढेमागे हलते, तसा हा शॅकल हलतो. तो हलावाच लागतो, कारण वजन आले की कमान सपाट होते आणि सपाट झाली की तिची लांबी वाढते. त्या वाढलेल्या लांबीला जागा शॅकल देतो. आख कमानीच्या मध्यावर, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या दोन-दोन बोल्टांनी आवळलेला असतो. आमच्या जीपमध्ये आख पाट्याच्या वर बसतो, पाटा आखाच्या खालून जातो.

एवढ्या रचनेवर जीपचे सारे वजन तरंगत असते. तरंगत असते हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पाट्याच्या वर जे आहे, म्हणजे चेसिस, इंजिन, पत्रा, माणसे, ते पाट्यावर तरंगते. पाट्याला जे जखडलेले आहे, म्हणजे आख आणि चाके, ते जमिनीवर उभे असते. लेखाची सारी मेख या एका भेदात आहे.

पहिली उंची आणि तोच दगड

जुलैच्या अखेरीस आप्पांनी जीप सडकेवरच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने सर्वांत स्वस्त उपाय केला. मूळ शॅकल काढून त्यांच्या जागी पट्टी कापून बनवलेले, चार इंच जास्त लांबीचे शॅकल बसवले. अर्ध्या दिवसात काम झाले. जीप पुढूनमागून दोन इंच वर आली. लांबी चार इंच वाढली आणि उंची दोनच इंच, हे कसे? आख पाट्याच्या मध्यावर आहे. पाट्याचे एक टोक जागेवर राहिले आणि दुसरे चार इंच सरकले, तर मध्य त्याच्या निम्मेच सरकणार. शाळेच्या भूमितीतलेच हे गणित आहे.

जीप उंच दिसू लागली. मी तिचे फोटो काढले. ऑगस्टमध्ये खताच्या गोण्या आणताना आप्पा त्याच उतारावरून आले आणि जीप त्याच दगडावर, तशीच टेकली.

आप्पा काही बोलले नाहीत. जीप मोकळी करून घरी आणल्यावर त्यांनी एक काठी घेतली, मागच्या आखाखाली घातली आणि आखाच्या मधल्या गोळ्यापर्यंतची उंची काठीवर चाकूने खुणावली. ती सव्वाआठ इंच भरली. मग त्यांनी मला गोळ्याखाली वाकून पाहायला सांगितले. गोळ्याच्या तळावर जुलैच्या ओरखड्यावरच ऑगस्टचा ओरखडा उमटला होता.

हा गोळा म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाकडून येणारी फिरत दोन्ही चाकांना वाटून देणारे दाते याच्या पोटात असतात. तो आखाचाच भाग आहे. आख चाकांवर उभा आहे, पाट्यांवर नाही. म्हणून पाटे कितीही उंच करा, शॅकल कितीही लांब करा, गोळा जमिनीपासून जेवढा होता तेवढाच राहतो. वर जाते ती चेसिस आणि तिच्यावरचा भार. गोळा वर न्यायचा तर चाकच मोठे पाहिजे, दुसरा मार्ग नाही.

आमच्या जीपचे टायर ६.००–१६ या मापाचे आहेत. त्यांचा व्यास सुमारे २८ इंच असतो. ७.००–१६ या मापाचा टायर सुमारे साडेतीस इंचांचा असतो. व्यास अडीच इंच वाढला तर आख त्याच्या निम्मा, म्हणजे सव्वा इंच वर जातो. जाणकार लोक जीपला लिफ्ट करतात ते मुख्यतः अशा मोठ्या टायरना मडगार्डखाली फिरायला जागा मिळावी म्हणून, आणि चेसिसचे पोट वर जावे म्हणून. आमची अडचण गोळ्याची होती आणि आम्ही उपाय चेसिसचा केला होता.

एक बदलले की पाच बदलतात

एवढ्यावर भागले असते तरी बरे होते. पण शॅकल बदलल्यापासून जीप सरळ चालेना. हातातले स्टीअरिंग जरा सैल सोडले की ती डावीउजवीकडे भटकू लागे. सप्टेंबरमध्ये घाटाच्या एका वळणावर समोरून ट्रक आला. आप्पांनी बाजू घेतली, पण वळण संपल्यावर चाके आपणहून सरळ झाली नाहीत. जीप कठड्यापर्यंत जाऊन थांबली. मी शेजारी बसलो होतो. त्या दिवशी घरी आल्यावर आप्पांनी जीपला हात लावला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा आम्ही दोघांनी अंगणात ती सोडवायला घेतली. तेव्हा कळले की उंची ही एकटी वाढत नाही.

पहिली गोष्ट कॅस्टरची. सायकलचा पुढचा चिमटा पाहा. तो उभा सरळ नसतो, वरच्या बाजूने चालवणाऱ्याकडे थोडा रेललेला असतो. या रेलण्यामुळेच सायकल हात सोडूनही काही अंतर सरळ जाते. जीपची पुढची चाके ज्या खिळांभोवती वळतात, तेही असेच मागे रेललेले असतात. जुन्या जीपमध्ये हा कोन साधारण ३ अंशांचा असतो. आमच्या जीपच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब केल्यावर पाट्याचे पुढचे टोक खाली गेले, सगळा पाटा पुढे कलला आणि त्याच्याबरोबर आखही. मागे रेललेला खीळ उभा झाला. चाकांची सरळ राहण्याची ओढ गेली. आप्पा याला कोन म्हणत नाहीत. ते म्हणाले, "आख मागं रेलून बसला पाहिजे. हा तर उठून उभा राहिलाय."

दुसरी गोष्ट ब्रेकची. चेसिसवरून आखाकडे ब्रेकचे तेल नेणारा एक रबरी पाइप असतो. आखावरची चेसिस वर गेली की तो ताणला जातो. चाक खड्ड्यात लोंबकळले की आणखी ताणतो. आमचा पाइप सतारीच्या तारेसारखा ताठ झाला होता आणि मुळाशी त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. हे पाहिल्यावर मला घाटातले ते वळण पुन्हा आठवले.

तिसरी गोष्ट शॉकअ‍ॅब्सॉर्बरची. पाटा उसळला की त्याची उसळी शांत करणे हे त्याचे काम. त्याची लांबी ठरलेली असते. जीप वर गेल्यावर तो आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो. मग चाक खाली लोंबले की उरलेला झटका त्याच्या टोकाच्या बोल्टवर येतो. आमच्या मागच्या डाव्या बाजूचा बोल्ट तुटलेला सापडला.

चौथी गोष्ट फिरत्या दांड्याची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टची. गियरपेटीपासून गोळ्यापर्यंत जाणाऱ्या या दांड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, त्यांच्यामुळे तो वाकड्या मार्गानेही फिरत फिरवू शकतो. पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात. एक वाढला आणि दुसरा नाही, तर दांडा प्रत्येक फेऱ्यात थरथरतो आणि क्रॉस लवकर झिजतात.

पाचवी गोष्ट स्टीअरिंगच्या ड्रॅग लिंकची. स्टीअरिंगचा डबा चेसिसवर आणि चाके आखावर, त्यांना जोडणारी ही दांडी. ती आडवी असावी तेवढी चांगली. चेसिस वर गेली की ती तिरपी होते, आणि मग चाक खड्ड्यात गेले की स्टीअरिंग आपोआप हातात फिरते.

गॅरेजातल्या मिस्त्रीने शॅकल बदलले, या पाचांकडे पाहिले नाही. पण दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. आम्ही त्याला उंची मागितली होती, त्याने उंची दिली.

उंच करण्याच्या रीती

जीपची उंची वाढवण्याच्या ढोबळमानाने चार रीती आहेत. एक, लांब शॅकल. ही स्वस्त आणि सर्वांत वाईट, कारण आख कलतो. दुसरी, पाटा आखाच्या वर असेल तर आख आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. पण ब्रेक मारला किंवा चढावर जोर लावला की आख पाट्यावर पिळला जातो, आणि ठोकळ्याने ती पिळवटण्याची ताकद वाढते. पुढच्या आखाला, जिथे स्टीअरिंग आहे, ठोकळा घालूच नये. तिसरी, पाट्यालाच जास्त बाक देणे किंवा जास्त बाकाचा नवा पाटा घालणे. यात उंची पाट्याच्या दोन्ही टोकांनी सारखी मिळते, म्हणून आख पुढेमागे कलत नाही. कललाच तर पाटा आणि आख यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवून कोन दुरुस्त करता येतो. चौथी रीत म्हणजे पाटा आखाच्या खालून काढून वर बसवणे. यात एकदम साडेचार-पाच इंच उंची मिळते, पण आखावर नवीन बैठका जोडाव्या लागतात, स्टीअरिंगची सारी मांडणी बदलावी लागते. हे अंगणात करण्याचे काम नाही.

आप्पा या चारांपैकी कोणत्याही रीतीकडे वळण्याआधी म्हणाले, "जीप मुळात किती उंच होती, ते तरी बघू." आप्पांनी उमेदीची काही वर्षे एसटीच्या डेपोत हेल्पर म्हणून काढली होती. तिथे बसचे पाटे उतरवणे-चढवणे हे त्यांचे रोजचे काम होते. पुण्याला गेलो असताना मी एका दुकानात नव्या पाट्याच्या दोन्ही डोळ्यांमधून दोरी ताणली आणि दोरीपासून मधल्या पट्टीपर्यंतचे अंतर मोजून आणले. घरी आमचा पाटा उतरवून तसेच मोजले. आमचा बाक दीड इंचाने कमी भरला. चालकाच्या बाजूचा पाटा तर त्याहूनही बसला होता. म्हणजे इतक्या वर्षांच्या पोत्यांनी जीप दीड इंच खाली दाबली होती. आम्ही वरून जोडू पाहत होतो ती बरीचशी उंची तिची स्वतःचीच, हरवलेली होती.

अंगणातले काम

काम कसे केले ते क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना उपयोगी पडेल.

पहिले दोन दिवस आम्ही काहीच उघडले नाही. सगळ्या गंजलेल्या नटांवर सकाळ-संध्याकाळ डिझेल सोडले. सपाट जागी जीप उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापे वहीत लिहिली. हे केले नाही तर शेवटी काय मिळवले ते कळत नाही.

मग एका वेळी एकच आख घ्यायचा. दुसऱ्या आखाच्या चाकांना पुढेमागे दगड लावायचे. जॅक लावून जीप उचलायची, पण जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही जायचे नाही. चेसिसखाली दोन्ही बाजूंना बाभळीचे रुंद ओंडके रचायचे, जीप त्यांच्यावर टेकवायची, हाताने हलवून पाहायची आणि मगच चाक काढायचे. विटा चालत नाहीत. त्या वजनाखाली अचानक फुटतात. या बाबतीत आप्पांनी मला दोनदा खालून ओढून बाहेर काढले.

जीप ओंडक्यांवर आली की जॅक आखाखाली घ्यायचा, म्हणजे आख लोंबून ब्रेकचा पाइप ताणणार नाही. आधी शॉकअ‍ॅब्सॉर्बर सोडायचा, मग ‘यू’ बोल्ट, शेवटी पाट्याची दोन्ही टोके. एका वेळी एकाच बाजूचा पाटा काढायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा पाटा आखाला जागेवर धरून ठेवतो. पाट्याच्या पट्ट्या सुट्या करताना मधला खिळबोल्ट सोडण्याआधी पाटा दोन्ही बाजूंनी शिकंज्यात आवळावा लागतो. तसे केले नाही तर पट्ट्या ताणातून सुटून उडतात.

पट्ट्या आम्ही भोरच्या बाजारात पाट्याचे काम करणाऱ्या लोहाराकडे दिल्या. त्याने त्या न तापवता, ऐरणीवर इंचाइंचाने घण मारून त्यांना पुन्हा बाक दिला. तापवून वाकवणे सोपे, पण पाट्याच्या पोलादाला जो लवचीकपणा असतो तो तापवल्याने जातो. मग पुन्हा लाल करून तेलात विझवणे आणि बेताने तापवून पाणी उतरवणे आले, आणि ते नीट साधले नाही तर पाटा मोडतो. दोन पट्ट्यांना बारीक चिरा होत्या. त्या बदलल्या. दोन्ही बाजूंचे पाटे एकमेकांवर उलटे ठेवून बाक सारखा आहे ना, हे पाहिले.

बसवताना पट्ट्यांमध्ये ग्रीस लावले. खिळबोल्टाचे डोके आखाच्या बैठकीवरच्या भोकात नेमके बसले आहे की नाही हे बोटाने चाचपून पाहिले. ते बसले नाही तर आख तिरका राहतो आणि जीप खेकड्यासारखी चालते. ‘यू’ बोल्ट नवे घेतले, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा विश्वासाने धरत नाही. ते एकाआड एक, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळले. शॅकल मूळचे, जपून ठेवलेले, तेच पुन्हा लावले. जिथे रबराचे बुश होते तिथले बोल्ट जीप चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळले. हवेत आवळले असते तर रबर कायमचे पिळलेले राहिले असते.

ब्रेकचे पाइप नवे घातले आणि चाक पूर्ण लोंबकळू देऊन त्यात ढील उरते हे पाहिले. त्यानंतर ब्रेकमधली हवा काढली. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा तुटलेला बोल्ट बदलला. शंभर किलोमीटर चालवल्यावर सगळे ‘यू’ बोल्ट पुन्हा एकदा आवळले. प्रत्येकाने पाव ते अर्धा फेरा घेतला. नव्याने बसलेले पाटे दबून जागा घेतात, त्यामुळे हे दुसऱ्यांदा आवळणे विसरू नये.

सगळ्या कामाला सात दिवस लागले. मापे पुन्हा घेतली तेव्हा पुढे सव्वा इंच आणि मागे दीड इंच उंची परत आली होती. दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. घाटात नेली तेव्हा वळण संपताच चाके आपणहून सरळ झाली.

कायदा आणि तोल

मी आप्पांना विचारले, आता वर आणखी दोन इंच आणि मोठे टायर घालायचे का? त्यांनी नको म्हटले. त्यांची कारणे दोन होती.

पहिले तोलाचे. पेंढ्याची गाडी जितकी उंच भरावी तितकी ती बांधावरून कलंडते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. जीपची दोन चाकांमधली रुंदी आहे तेवढीच राहते. वजन मात्र वर जाते. आडव्या उतारावर ती आधीपेक्षा लवकर उलटते. उंच जीप दगडावरून जाईल, पण वळणावर तिला हळू जावे लागेल, आणि आजारी माणूस आत असताना हळू जाण्याची आठवण राहतेच असे नाही.

दुसरे कारण कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत लिहिलेला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या एका निकालात हे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आमच्या जीपची नोंदणी पुन्हा नूतन करायची वेळ जवळ आली होती. बसलेला पाटा मूळ उंचीला आणणे ही दुरुस्ती आहे. त्यापुढे जाणे हा बदल. रेघ कुठे आहे ती आप्पांनी बरोबर ओळखली.

दगडाचे काय झाले?

वाचक विचारतील, गोळा तर होता तिथेच राहिला, मग तो दगड? खरे सांगायचे तर पाट्यांनी त्याचे उत्तर मिळणारच नव्हते. चेसिसचे पोट आता पोत्यांच्या वजनाखालीही वर राहते, मागचा भाग उतारावर घासत नाही, पण सव्वाआठ इंच ते सव्वाआठ इंचच. आप्पांनी ती खुणावलेली काठी घेतली आणि आम्ही दोघे उतारावर गेलो. काठी उभी धरत धरत खालपासून वरपर्यंत चाललो. खुणेच्या वर जाणारे दगड मोजले. ते पाच निघाले, त्यांतला एक तो. दिवाळी संपायच्या आत वाडीतल्या सहा जणांनी एका सकाळी पहार आणि घण घेऊन ते पाचही फोडले. त्यांच्याच खडीने चाकोऱ्या भरल्या. पैसा एक लागला नाही. चहा तेवढा आमच्या घरचा होता.

यंदाच्या पावसाळ्यात आजीला दोनदा खाली न्यावे लागले. दोन्ही वेळा ती जीपमध्ये बसूनच सडकेपर्यंत गेली. दर पावसाळ्यात पाणी नवे दगड उघडे पाडते, म्हणून ती काठी आता जीपच्या मागच्या बाकाखालीच असते. सप्टेंबरात तिच्या खुणेवर एक नवा दगड आला, तो मी आणि आप्पांनी मिळून काढला.